श्रेयांकांचा विनिमय-दर

एका विद्यापीठात उत्तीर्ण केलेला विषय दुसऱ्या देशातील विद्यापीठाने मान्य करावा, ही अपेक्षा वरकरणी साधी दिसते. प्रत्यक्षात तिची गत परकीय चलनासारखी आहे. एका शैक्षणिक वर्षाचे मोल युरोपात 60 श्रेयांक, ब्रिटनमध्ये 120, अमेरिकेत साधारणतः 30, तर 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार भारतात 40. भारतीय श्रेयांकामागे 30 तासांचे अध्ययन गृहीत आहे, युरोपीय श्रेयांकामागे 25 ते 30 तासांचे. त्रैराशिक मांडले की प्रश्न सुटला, असे कोणासही वाटावे.

तो सुटत नाही. मुंबई वा पुणे येथील तीन वर्षांची पदवी किमान 120 श्रेयांकांची. अमेरिकेतील चार वर्षांची पदवीही साधारणतः तेवढ्याच श्रेयांकांची. आकडे जुळूनही अनेक अमेरिकी विद्यापीठे आपली तीन वर्षांची पदवी पदव्युत्तर प्रवेशास अपुरी मानत आली आहेत. श्रेयांकाने मोजला जातो तो काळ. त्या काळात काय शिकविले गेले आणि परीक्षा कशी झाली, याची हमी आकडा देत नाही.

युरोपाने ही अडचण ओळखली होती. 1987 मध्ये सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेत 1989 पासून श्रेयांक-हस्तांतराचा प्रयोग झाला. त्याचे खरे बळ कोष्टकात नसून करारात आहे : विद्यार्थी, त्याचे मूळ विद्यापीठ व यजमान विद्यापीठ हे तिघेही प्रस्थानापूर्वीच विषयांची यादी मान्य करतात. शिवाय 1997 च्या लिस्बन कराराने, अभ्यासक्रमांत लक्षणीय तफावत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी नकार देणाऱ्यावर टाकली. भारत या करारात सामील नाही.

आपल्याकडे 2022 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी परदेशी संस्थांशी सहकार्याचा मार्ग मोकळा केला. जोड-अभ्यासक्रमात 30 टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी संस्थेत मिळविता येतात व पदवी भारतीय संस्थाच देते. मात्र हा मार्ग वरच्या मानांकनाच्या संस्थांनाच खुला आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातील मुलीला त्याचा उपयोग नाही, आणि कर्ज काढून स्वतःच्या हिमतीवर परदेशी जाण्याची वेळ बहुधा तिच्यावरच येते. तिकडे एखाद्या विभागप्रमुखाने दोन विषय अमान्य केले, तर तेच विषय पुन्हा शिकण्याचे शुल्क, राहण्याचा खर्च आणि कर्जाचे वाढीव व्याज हे सारे तिच्या वडिलांच्या माथी येते.

या खर्चाचा मोठा भाग टाळता येण्याजोगा आहे. विषयाचे नाव व गुण एवढेच सांगणारी गुणपत्रिका परदेशातील परीक्षकाला निरुपयोगी असते. त्याला हवा असतो तो सविस्तर पाठ्यक्रम, नेमलेले ग्रंथ आणि मूल्यमापनाची पद्धती. ही माहिती विद्यापीठाच्या दप्तरी असतेच. ती प्रमाणित इंग्रजी प्रतीत आठवडाभरात देण्याची सोय करण्यास ना कायदा बदलावा लागतो, ना दिल्लीची परवानगी.