माक्याची लागवड करण्यापूर्वीं

कुकडी व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत ज्यांची शेती आहे, त्यांस माका ही वनस्पति नवी नाहीं. पाटाच्या कडेस व बांधाच्या ओलींत ती आपोआप उगवते. आपण ती तण म्हणून उपटतों आणि घरांतील वडील बायका तीच वेंचून केसांसाठीं तेलांत कढवितात. केशवर्धक तेलांचा व्यापार हल्लीं मोठा आहे. तेव्हां ‘माका लावा, सर्व माल आम्ही घेतों’ असें सांगत कोणी दाराशीं आल्यास शेतकऱ्यानें काय विचार करावा, हें सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

माक्यांत गुण मुळींच नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. सन २००८ सालीं सागर येथील डॉ. हरिसिंह गौर विश्वविद्यालयांतील संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनीं पांढऱ्या उंदरांच्या अंगावरील केस काढून त्या जागीं माक्याचा अर्क ३० दिवस लाविला व तुलनेस मिनॉक्सिडिल हें डॉक्टरी औषध ठेविलें. पेट्रोलियम ईथरमध्यें काढलेल्या अर्कानें केस लवकर उगवले आणि परिणाम २ टक्के मिनॉक्सिडिलपेक्षां सरस दिसला.

परंतु उंदराची कातडी म्हणजे माणसाचें टक्कल नव्हे. निरोगी उंदराचे काढलेले केस औषधावांचूनही उगवतात. अर्कानें त्यांस त्वरा आली, इतकेंच यावरून ठरतें. शिवाय ईथरमध्यें उतरणारे घटक चुलीवरील खोबरेल तेलांतही तितकेच उतरतील, असें गृहीत धरतां येत नाहीं. आणखी असें कीं, मोठा ताप किंवा बाळंतपण यानंतर गळलेले केस कांहीं महिन्यांनीं बहुधा आपोआप परत येतात. त्या अवधींत जें तेल लाविलें, त्यास फुकटचें श्रेय मिळतें. म्हणून खरी परीक्षा माणसांवरच व्हावी. कांहींस माक्याचें तेल व कांहींस तसेंच दिसणारें साधें तेल द्यावें. कोणास कोणतें दिलें हें देणाऱ्यास व घेणाऱ्यास कळूं नये. आणि ठराविक जागेंतील केस कित्येक महिने मोजावे.

आमची सारी नोकरी सातबाऱ्याच्या नोंदींत गेली. तोंडचा शब्द कितीही गोड असला तरी तंट्याच्या वेळीं कागदच बोलतो, हा आमचा अनुभव आहे. सन २००० च्या आगेमागें सफेद मुसळीच्या नादानें महाराष्ट्रांत अनेकांनीं महाग बेणें घेतलें आणि विक्रीच्या वेळीं गिऱ्हाईक मिळेना.

म्हणून भाव व खरेदीची मुदत लेखी घ्यावी. पांढऱ्या फुलाच्या खऱ्या माक्याच्या जागीं पिवळ्या फुलाचा माकाही खपविला जातो. यास्तव पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणीं नमुना ओळखून घ्यावा. पहिल्या वर्षीं एकदोन गुंठ्यांपलीकडे जाऊं नये. कांद्याबटाट्याची चांगली जमीन तर यासाठीं मुळींच गुंतवूं नये. माका पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बांधावर आहे, तो कोठें जात नाहीं. पुरावा येईपर्यंत थांबल्यानें शेतकऱ्याचें कांहीं बिघडत नाहीं; न थांबल्यानें मात्र एक हंगाम जातो व कर्ज राहतें.