दहा मिनिटांची रजा

पोलादपूरच्या शाखेत असताना एका ३१ मार्चच्या रात्री आमचं बॅलन्सिंग ६३ रुपयांनी अडलं. लेजरं हाताने लिहिण्याचे ते दिवस. फरकाला नऊने भाग गेला, की कुठेतरी आकडे उलटे पडलेत हे नवखा कारकूनही ओळखतो. पण ओळखणं वेगळं, सापडणं वेगळं. साडेअकरापर्यंत आम्ही तीच ती पानं उलटत होतो. शेवटी आमच्या वयस्क हेडकॅशियरांनी लेजर मिटलं. म्हणाले, ''साहेब, बाहेर चला. आकडा काही एस. टी. पकडून पळून जात नाही.''

हायवेवरच्या टपरीवर उभ्याउभ्याच चहा घेतला. दहा मिनिटांत परतलो आणि दुसऱ्याच पानावर चूक दिसली. ८१ च्या जागी १८. अक्षर माझंच! थकव्याची माझी व्याख्या तेव्हापासून हीच : ८१ चे १८ होऊ लागतात आणि आपल्याला ते दिसत नाही.

मध्यरात्री महाडला घरी पोहोचलो. सौ. जागीच होती. मी तिला त्या दहा मिनिटांची महती रंगवून सांगितली. ती आमटी गरम करीत ''बरं झालं'' एवढंच म्हणाली. तिचा दिवस पहाटे पाचला सुरू झाला होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. किरकोळ रजा, हक्काची रजा, आजारपणाची रजा. बँकेत आमच्या थकव्याचं चोख रजिस्टर होतं. घरातल्या बाईचं असं रजिस्टर कुणी ठेवलंय?

सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होते, पुरुषांचे ९७. तेही जे पुरुष घरकाम करतात त्यांचे!

हल्ली जो तो सांगतो, स्वतःसाठी वेळ काढा. आमच्याकडे सवला गरम पाण्याचे झरे आहेत. दुखरे गुडघे घेऊन माणसं तिथे जातात. पण जायचं तर अर्धा दिवस मोडतो, आणि तो काढायचा कुठून? दहा मिनिटंसुद्धा आपोआप निघत नाहीत. त्यासाठी दुसऱ्या कुणालातरी हातातलं काम घ्यावं लागतं.

हे मला २०२१ च्या पुरात कळलं. २२ जुलैला सावित्रीचं पाणी महाडात शिरलं. त्याच दिवशी तळियेवर आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे, साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या. त्या घरांच्या दुःखापुढे आमचा चिखल काय? पण तो उपसायचा तर होताच. भांडी, गाद्या, पोरांची पुस्तकं, सगळं एका रंगाचं झालेलं.

आमच्या आळीतली एक सून रोज तिन्हीसांजेला दारात बादली पालथी घालून तिच्यावर बसे. हात कोपरापर्यंत चिखलाचे, त्यात चहाचा कप. घरातून हाका सुरूच : ''अगं, खराटा कुठे ठेवलास?'' तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या तिच्या सासूबाई उंबऱ्यावर येत आणि ठणकावत, ''ती बसलीय. काय हवं ते मला विचारा.'' मग खराटा लगेच सापडे. महिनाभर हा पहारा मी पाहिला. सासवांबद्दल कथा-कादंबऱ्यांतून आम्ही पुष्कळ वाईट लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

त्यानंतर संध्याकाळचा चहा मी माझ्याकडे घेतला. पहिले काही दिवस, ''अगं, साखर कुठाय? आलं किसू की ठेचू?'' असं विचारून मी तिला चारदा उठवीत असे. ती शेवटी म्हणाली, ''अहो, त्यापेक्षा मीच करते.'' आता डबे पाठ झालेत.

परवा ती कप घेऊन खिडकीशी बसली होती, आणि दाराची बेल वाजली. सवयीने तिचा हात गुडघ्यावर टेकला. मी म्हटलं, ''बस तू.'' गॅस बारीक केला आणि दार उघडायला गेलो. परत येईपर्यंत दूध उतू गेलं होतं. तिने ते पाहिलं, आणि तरीही उठली नाही.