मामा तलावातील बेशरम : ओळख आणि उच्छेद

आपल्या गोंदिया जिल्ह्यातील धानाची शेती ही मुख्यतः तलावांच्या आधारावर उभी आहे, हे या मासिकाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. कोहळी मंडळींनी व मालगुजारांनी बांधलेले हे तलाव १९५१ साली मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणून, म्हणजे संक्षेपाने ‘मामा’ तलाव म्हणून, ओळखले जाऊ लागले. त्या तलावांत आज जे झुडूप माजले आहे, त्यास लोकांनी बेशरम असे नाव ठेविले आहे. नाव ठेवणाराने त्याची पारख बरोबर केली होती, असेच म्हणावे लागते.

हे झाड मूळचे आपल्या देशातील नव्हे. उष्ण अमेरिकेतून ते इकडे आले, आणि जनावरे तोंड लावीत नाहीत म्हणून कुंपणास सोयीचे वाटून लोकांनी ते हौसेने लाविले. कुंपणावरून नाल्यात आणि नाल्यातून तलावात, असा त्याचा प्रवास झाला. ते कोरड्यात तगते आणि पाण्यातही उभे राहते. त्याच्या दाटीत गाळ अडकून बसतो, तलाव उथळ होतो, तुडुमाचे तोंड कोंदते. आश्विनात भारी धान निसवण्यास आले असता शेवटचे एक पाणी हवे असते. तेवढेच नेमके कमी पडते, आणि पाटाच्या शेवटी ज्याची बांधी आहे त्याचे वर्ष जाते. पाळीजवळच्या शेतकऱ्यास याची झळ उशिरा लागते, म्हणूनच या कामी त्याचा उत्साह कमी असतो, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

ओळखीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सफाईच्या नावाखाली तलावातील सर्वच हिरवे उपटण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. बेशरमीची पाने लांबट हृदयाकृती व टोकदार असतात. फूल फिकट जांभळे, नरसाळ्यासारखे. खोड आतून पोकळ असून मोडताच पांढरा चीक येतो. नाळीची भाजी ही हिच्याच कुळातील, आणि तिचेही खोड पोकळ व फूल तशाच घडणीचे असल्यामुळे नवख्याची फसगत होते. परंतु नाळी पाण्यावर व चिखलावर पसरते, तर बेशरम सरळ उभी वाढते व पुरुषभर उंचीचे रान करते. नाळी खाण्याची आहे, ती राखावी. देवधान, कमळ, लव्हाळा यांसही हात लावू नये, कारण मासे व पक्षी यांचा आसरा तोच असतो. बेशरम मात्र विषारी आहे. शेळीस एकदा तिची चटक लागली की ती पुनःपुन्हा तीच खाते, पुढे तिचे मागील पाय लटपटू लागतात व ती खंगून मरते.

आता उच्छेदाचे. विळ्याने अगर कुऱ्हाडीने वरचेवर तोडणे म्हणजे बेशरमीची लागवड करणेच होय. बुडखा पुन्हा फुटतो, आणि तोडलेल्या खोडाचा तुकडा ओल्या जागी पडला की पेऱ्यापाशी मुळे धरितो. तोडून पाण्यात अथवा सांडव्याखाली टाकिले, तर खालच्या गावासही आपण तेच देणे पाठविले असे समजावे. खरा हंगाम चैत्र-वैशाखाचा. पाणी उतरले म्हणजे सब्बल-कुदळीने बुडखा मुळासकट खणावा, ढीग पाळीबाहेर उंच कोरड्या जागी रचावा व पूर्ण वाळल्यावर जाळावा. पाने चिखलणीत खत म्हणून घालावयाची असल्यास पानेच तोडून घ्यावी, खोडाचा तुकडा बांधीत जाऊ देऊ नये. तणनाशक औषधे फवारण्याची सूचना कोणी करितात. ज्या पाण्यावर गुरे पितात व ढिवर बांधवांची मासेमारी चालते, त्यात औषध ओतण्यास माझा तरी विरोध आहे.

“तलाव सरकारचा, तेव्हा झाडही सरकारने काढावे” हा युक्तिवाद मी महसूल खात्याच्या नोकरीत अनेकदा ऐकिला. तो अगदी खोटा नाही. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे असून त्यांची देखभाल ही त्यांची जबाबदारी आहे. परंतु वाजिब-उल-अर्जात ज्या पाण्याची वहिवाट आपल्या वाडवडिलांच्या नावे नोंदली गेली, ते पाणी कागदावर राहून बांधीत येत नाही. सबब ग्रामपंचायतीमार्फत संबंधित कचेरीकडे फाल्गुनातच लेखी अर्ज करावा (दोन प्रतींत, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये), रोजगार हमीतून काम मिळत असल्यास अवश्य घ्यावे. मात्र कामाचे माप तोडलेल्या झुडपांच्या ढिगावरून न घेता खणलेल्या बुडख्यांवरून घ्यावे, असा आग्रह धरावा. ओलितधारकांनी आपापल्या एकराच्या मानाने माणसे द्यावी, आणि ढिवरांच्या संस्थेस बोलाविल्याशिवाय काम सुरू करू नये. तलावाचा तळ त्यांच्याइतका आपणांपैकी कोणासही ठाऊक नाही.

एका वर्षात हे रान हटत नाही. मृगाच्या सरींनंतर राहिलेल्या मुळ्या फुटतात, वाहून आलेले बीही काठाशी रुजते. रोवणी आटोपल्यावर भाद्रपदात एकदा काठाने फिरून कोवळी रोपे हातानेच उपटावी. त्या वेळी माती ओली असल्याने मूळ सहज निघते. तलावात पाण्याच्या मधोमध जी झुडपे उभी दिसतील, त्यांची जागा खुंट्यांनी अथवा ढिवरांच्या सांगण्यावरून लक्षात ठेवून पुढील चैत्रात प्रथम तीच खणावी.