पुसले म्हणजे दुरुस्त झाले?

आमच्या काटेवाडीत बिघडलेल्या फोनचे निदान दोन शब्दांत होते. पडद्यावर काहीच उजेड येत नसेल तर फोन 'डेड' झाला. कंपनीचे नाव झळकून विझत असेल, पुन्हा झळकून पुन्हा विझत असेल, तर तो 'लोगोवर अडकला'. पहिल्या दुखण्यावर औषध म्हणजे नवा फोन. दुसऱ्यावर 'सॉफ्टवेअर मारणे'. ज्याला मारले की मेलेला जिवंत होतो असा हा मराठीतला बहुधा एकमेव प्रयोग असावा! मारण्यापूर्वी दुकानदार फोनकडे पाहतच म्हणतो, "डाटा जाईल बरं का." आणि आपण मान डोलावतो.

ही मान डोलावणे चूक आहे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राच्या भानगडीत कशाला पडावे, असे आमचे काही मित्र म्हणतील. पण फोनच्या पोटात हल्ली काय साठते ते पाहा. पत्रव्यवहार, हिशेब, कागदपत्रे, माणसांचे चेहरे आणि आवाज. २०२१ पासून तर शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद फोनवरूनच करायची आहे. हा सगळा ऐवज आपल्या शाखेचा आहे. तो पुसला जातो तेव्हा विज्ञान शाखेचे काही जात नाही.

द्वितीय वर्षाला असताना मराठी विभागाने आम्हाला लोकसाहित्याचा प्रकल्प दिला होता. घरात जाते होते आणि जात्यावर बसलेली आजीही होती, म्हणून मी जात्यावरच्या ओव्या घेतल्या. गोठ्याशेजारी पालथे पडलेले जाते वडिलांनी आणि मी उचलून सोप्यात आणले, खुंटा ठोकून घट्ट केला. आजीने मूठभर ज्वारी घातली, आणि घरघर सुरू झाल्यावर तिच्या तोंडून ओव्या येऊ लागल्या. एक्केचाळीस ओव्या मी माझ्या फोनवर घेतल्या. कागदावर एकही उतरवली नाही. सवडीने उतरवू म्हटले.

पंधराएक दिवसांनी फोन भरत आला असताना रात्री मी त्याला नवे अपडेट घ्यायला लावले आणि झोपलो. सकाळी फोन लोगोवर. आवाज वाढवायचे बटण आणि चालू करायचे बटण एकत्र दाबून धर, असे एका मित्राने सांगितले. तसे केल्यावर काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींची एक यादी आली. तिला 'रिकव्हरी' म्हणतात. आवाजाच्या बटणाने ओळी खालीवर करायच्या, चालूच्या बटणाने हवी ती निवडायची. त्यात 'वाइप डेटा' अशी एक ओळ होती. फोनने पुन्हा एकदा विचारले, खरेच का? मी हो म्हणालो. कुणा दुकानदाराने नव्हे, मीच. थोड्या वेळाने फोन सुरू झाला, नुकता दुकानातून आणल्यासारखा कोरा, आणि तुमची भाषा कोणती म्हणून मलाच विचारू लागला. फोन दुरुस्त केल्याच्या आनंदात मी दिवसभर होतो. ओव्यांची आठवण संध्याकाळी झाली.

आजीला सांगितले तर ती हसली. "त्यात काय मेलं, परत म्हणते की." आठ दिवसांनी ती पुन्हा जात्याशी बसली. पण हात दुखत होता, जाते फार वेळ ओढवेना. एकोणीस ओव्या झाल्या. त्यांतल्या काही पहिल्या वेळच्या नव्हत्याच, आणि पहिल्या वेळच्या भावावरच्या ओव्या, ज्या मला फार आवडल्या होत्या, त्या काही आल्या नाहीत. मी दोनतीनदा आठवण करून दिली तेव्हा म्हणाली, "आठवून येत न्हाईत रं त्या. दळताना येत्यात." पुढच्या माघात आजी गेली.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या बायकांच्या साहाय्याने, जात्यावरच्या ओव्यांचा केवढा मोठा संग्रह केला हे आमच्या विभागात सर्वांना ठाऊक आहे. एक लाखाहून अधिक ओव्या आहेत त्यात. त्या कागदावर लिहून ठेवल्या होत्या, पुष्कळशा ध्वनिफितींवरही घेतल्या होत्या, म्हणून दोघांच्या निधनानंतरही त्या उरल्या आणि २०१७ पासून 'पारी' या संग्रहातून लोकांपुढे येऊ लागल्या. एवढ्या मोठ्या कामाशेजारी माझ्या एक्केचाळीस ओव्या ठेवण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण त्या कामाची रीत आम्हाला वर्गात शिकवली होती, ती मी पाळली नाही, हे मात्र नोंदवायला हवे.

नंतर चिडून मी या विषयावर जमेल तेवढे वाचले. फोन सुरू होणे हे पालखी खांद्यावर घेण्यासारखे आहे. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या खांद्यावरून तिसऱ्याच्या. बटण दाबताच मुख्य चिपमध्ये कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो पुढच्या प्रोग्रॅमची ओळख पटवून त्याच्या हाती काम सोपवतो, तो त्याच्या पुढच्याच्या. असे करत करत अखेर आपले फोटो, आपले निरोप ज्या कप्प्यात आहेत तो कप्पा उघडतो. मध्ये कुणाचा खांदा निसटला की सगळे पहिल्यापासून. कंपनीचे नाव पुन्हा पुन्हा झळकते ते यामुळे. म्हणजे 'लोगोवर अडकला' याचा अर्थ एवढाच, की पहिले दोनतीन खांदेकरी धड आहेत. पुढचा कोण पडला हे त्यावरून कळत नाही. बॅटरी थकलेली असेल, आत घातलेले मेमरी कार्ड खराब असेल, साठवणीला तसूभर जागा उरली नसेल, अपडेट अर्धवट बसले असेल, एखादे बटण दाबलेलेच राहिले असेल, किंवा फोन पडून चिपखालचे डाख तडकले असतील. यांतल्या दोनतीन दुखण्यांवरच पुसण्याचा उपाय चालतो. बाकीच्यांवर तो केला तर ऐवजही जातो आणि दुखणेही राहते.

पुसण्याआधी करून पाहण्यासारखे बरेच असते. फोन नीट चार्ज करावा. सिम आणि कार्ड काढून पाहावे. चालूचे बटण वीसएक सेकंद दाबून धरावे. रिकव्हरीच्या यादीत नुसते 'पुन्हा सुरू करा' असेही असते, आणि काही फोनांत फक्त तात्पुरता कचरा काढणारी, आपल्या वस्तूंना हात न लावणारी ओळही असते. पुष्कळ फोनांवर आपला कप्पा न पुसता मूळ प्रोग्रॅम पुन्हा बसवता येतो. दुकानदाराला तसे स्पष्ट सांगावे मात्र लागते. मी यांतले काहीच केले नव्हते. आणि एकदा पुसले की परतीची वाट नाही. आजच्या फोनांत आपल्या वस्तू कुलूपबंद लिपीत ठेवलेल्या असतात, आणि पुसताना फोन त्या कुलपाची किल्लीच नष्ट करतो. मग तज्ज्ञाकडे न्या नाहीतर काशीला न्या.

या कुलपाबद्दल माझी तक्रार नाही. फोन चोरीला गेला तर चोराला माझ्या आईचे फोटो दिसू नयेत, हे मला मान्य आहे. तक्रार वेगळी आहे. २०१६ साली अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीबरोबर अशी सोय आली, की फोनमध्ये कंपनीच्या प्रोग्रॅमच्या दोन प्रती ठेवायच्या, म्हणजे नवे अपडेट फसले तर जुन्या प्रतीवर परत येता येते. पुष्कळ फोनांत आता ही सोय असते. कंपनीची वस्तू, जी तिला केव्हाही पुन्हा देता येईल, तिच्या दोन प्रती! आणि जी जगात कुणालाच पुन्हा देता येणार नाही त्या आपल्या वस्तूची एक. दुसरी प्रत हवी असेल तर ती आपली आपण करायची, दुसरीकडे ठेवायची, जागा अपुरी पडली तर महिन्याला पैसे भरायचे. या व्यवहारात कुणाला काय मोलाचे वाटते ते उघड आहे.

ग्राहकाने काहीतरी दाबले असेल, असे दरवेळी म्हणण्यातही अर्थ नाही. २०२० साल संपता संपता शाओमीच्या मी ए-३ या फोनला कंपनीचेच अपडेट आले आणि ते घेणाऱ्या कित्येकांचे फोन जागच्या जागी निपचित पडले. पुढे कंपनीने ते अपडेट थांबवले आणि फोन फुकट दुरुस्त करून देण्याचे कबूल केले. त्या ग्राहकांनी सांगितले तेच केले होते.

आता गेल्या आषाढातली गोष्ट. तुकोबांची पालखी बारामतीहून आमच्या गावी आली. परीट मंडळींनी धोतरांच्या पायघड्या घातल्या, मेंढ्यांचे रिंगण झाले. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना वर्णनाची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांनी एकदा यावे. आई फोन हातात घेऊन रिंगणाच्या अगदी कडेला उभी होती. पावसाची भुरभुर, पायाखाली चिखल, मेंढ्यांनी उडवलेले शिंतोडे. पालखी सणसरच्या वाटेला लागली तोवर आईचा फोन लोगोवर अडकला होता.

त्या फोनमध्ये बचत गटाच्या वहीच्या पानांचे फोटो होते, घरचे अनेक हिशेब होते, आणि आजीच्या एकोणीस ओव्या होत्या. माझ्या फोनवर माझा विश्वास उरला नव्हता म्हणून मी त्या आईच्या फोनवर घेतल्या होत्या. दुसरी प्रत तेव्हाही केली नव्हती. (शहाणपण एका ठेचेत येते असे म्हणतात, पण माझ्या बाबतीत ते खरे ठरले नाही.)

बारामतीतल्या पहिल्या दुकानात नेहमीचे शब्द ऐकायला मिळाले. लोगोवर अडकलाय, सॉफ्टवेअर मारू, पाचशे रुपये, डाटा जाईल. मी गप्प उभा होतो. आईने विचारले, "न मारता काय बघता येईल का?" दुकानदार प्रामाणिक होता. म्हणाला, "येईल, ताई. पण वेळ जातो. गिऱ्हाईक थांबत नाही." हे त्याचे म्हणणे खोटे नाही. फोन उघडून कारण शोधायला तास लागतो आणि त्या तासाचे पैसे द्यायला आपण कां-कूं करतो. प्रोग्रॅम एका तारेने पंधरावीस मिनिटांत बसतो. दुकानदाराला पुसायची सवय लागली त्यात आपल्या घाईचाही वाटा आहे.

दुसरीकडे गेलो. तिथले गृहस्थ पूर्वी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करीत. त्यांनी फोन हातात घेण्याआधी विचारले, "आत काय काय हाय?" आईने सांगितले. मग त्यांनी रबरी कव्हर काढले, डोळ्याला भिंग लावले, आणि कडेच्या चालूच्या बटणावरून नुसती नखाची धार फिरवली. बटण आत बसले होते. त्याच्या फटीत चिखल जाऊन वाळला होता. बटण दाबलेलेच राहिले म्हणजे फोनच्या दृष्टीने कुणीतरी त्याला सारखे 'बंद हो, चालू हो' म्हणत आहे, आणि तो बिचारा आज्ञाधारकपणे तेच करतो आहे. ब्रशने आणि स्पिरिटने त्यांनी फट साफ केली, बटण मोकळे केले, फोन थोडा वेळ वाळत ठेवला. फोन सुरू झाला. त्यांनी दीडशे रुपये घेतले.

पहिल्या दुकानात आम्ही हो म्हटले असते तर एकोणीस ओव्या पुसल्या गेल्या असत्या, आणि फोन तरीही लोगोवरच राहिला असता.

या गृहस्थांसारख्या माणसांना सुटे भाग आणि माहिती मिळाली तर ही विद्या टिकेल. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहकदिनी, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी द्यावी म्हणून सोय सुरू केली. युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे, की फोनची विक्री थांबल्यावरही त्याचे महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे आणि त्याची अपडेट्स किमान पाच वर्षे मिळाली पाहिजेत. आपल्याकडे माहिती देण्याची सोय झाली, तशी सक्तीही व्हावी. ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, त्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांनी हे मागायला संकोच करू नये. आणि मागताना एक कलम वाढवून मागावे: ऐवज वाचवण्याचा प्रयत्न केल्यावाचून पुसणे, याला दुरुस्ती म्हणून पैसे घेऊ नयेत.

कायदा व्हायचा तेव्हा होईल. महाविद्यालयात मात्र आजच एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर हिवाळ्यात कुठल्यातरी गावी जाते. आम्ही रस्ते झाडतो, खड्डे खणतो, संध्याकाळी पथनाट्य करतो. (पथनाट्याला गर्दी होते ती मुख्यतः शिबिरार्थींचीच, हे खासगीत सर्वांनी मान्य केले आहे.) त्या सात दिवसांतला एक दिवस गावातल्या लोकांच्या फोनमधला ऐवज उतरवून देण्यासाठी ठेवावा. ज्याचा त्याने सोबत बसून, त्याच्यादेखत, त्याच्याच कार्डावर. विभागातले संगणक आणि दहा मुले पुरतील. गुरुजनांना ही सूचना मी तोंडी केली आहे, ती येथे लेखी करतो.

आजीच्या एकोणीस ओव्या आता आईच्या फोनवर आहेत, विभागाच्या संगणकावर आहेत, आणि दोनशे पानी वहीत शाईने लिहिलेल्या आहेत. पहिल्या एक्केचाळीसपैकी सात मला अर्ध्यामुर्ध्या आठवतात. त्याही त्याच वहीत घेतल्या आहेत, प्रत्येकीपुढे दोन ओळींची जागा सोडून. थोरल्या आत्या दिवाळीला येणार आहेत. त्या आजीबरोबर दळायला बसत.