ओलीचं वय सोयीनं ठरतं

छतावर ओलीचा एक डाग असतो आणि त्याला चार वयं असतात. फ्लॅट विकणारा म्हणतो, यंदाच्याच पावसाची आहे, रंग मारला की जाईल. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, ही आमच्या आधीच्या मालकांच्या वेळची. बिल्डरचा माणूस म्हणतो, ताबा दिला तेव्हा काही नव्हतं, तुम्ही फरशा बदलल्यात त्यानंतरचं हे. विम्याचा सर्व्हेअर खालूनच मान वर करून लिहितो, ‘जुना पाझर’. चौघांपैकी एकानंही शिडी मागितलेली नसते की गिलाव्याला हात लावलेला नसतो. ज्याला जे वय परवडतं ते तो सांगतो. इमारती तपासण्यात माझी उमर गेली. हा प्रकार मी अजूनही पाहतो आहे आणि त्याची मला मनस्वी चीड आहे, कारण ‘जुनी’ किंवा ‘नवी’ या एका शब्दावर माणसाचे कष्टाचे पैसे बुडतात. घराचा विमा पाइप अचानक फुटल्याचं नुकसान सहसा भरून देतो, हळूहळू मुरलेल्या पाण्याचं देत नाही. सर्व्हेअरच्या त्या दोन शब्दांत दावा संपतो.

डाग बघून वर्ष सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एकदा भिजून वाळलेल्या डागाला एक तपकिरी कड येते, पुन्हा पुन्हा भिजला तर एकात एक कडा येतात. या कडा मोजून ‘तीन पावसाळे’ असं छातीठोकपणे सांगणारे लोक आहेत. हे साफ खोटं आहे. कड भिजण्या-वाळण्याची असते, वर्षाची नसते. वरचा नहाणी ट्रॅप गळत असेल आणि वरचं कुटुंब मध्ये आठवडाभर गावी गेलं असेल, तर एका महिन्यातही दोन कडा उमटू शकतात. बुरशीचंही तेच. ओल्या पृष्ठभागावर ती दोन दिवसांत रुजू लागते आणि थोड्याच दिवसांत डोळ्यांना दिसते. ‘एवढी काळी म्हणजे जुनीच’ या वाक्याला काडीचा आधार नाही.

भिंतीला लोणा लागला असेल तर मात्र थोडं ठामपणे बोलता येतं. विटांतले, वाळूतले, सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळतात, पाणी सुकताना बाहेर येतात आणि रंगाचे पोपडे काढतात. म्हणजे पाणी वरवर सांडलेलं नाही, भिंतीतून वाहतं आहे. त्याहून पुढची साक्ष सळईची. चांगल्या काँक्रीटचा पीएच १२ ते १३ असतो, तोवर सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत जातो, पीएच ९ च्या खाली येतो आणि ओल मिळाली की लोखंड गंजू लागतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा लागते, म्हणून कव्हर तडकतं, स्लॅब बद्द वाजू लागतो आणि शेवटी ढलप्या पडतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं, पण तरीही ते वर्षांचं काम आहे. उघडी पडलेली, पापुद्रे सुटलेली सळई दाखवून ‘गेल्या जुलैपासूनच गळतंय’ म्हणणारा खोटं बोलतो, मग तो विकणारा असो की सोसायटीचा सेक्रेटरी.

सगळ्यांत भरवशाची साक्ष रंगाच्या थरांत असते आणि तीच कोणी काढत नाही. डागाच्या कडेला धारदार पात्यानं रंग हळूच खरवडा. वर प्लास्टिक पेंट, खाली लांबी, त्याखाली जुना डिस्टेंपर, असे थर दिसतात. तपकिरी डाग जुन्या डिस्टेंपरवर असेल आणि त्यावरची लांबी स्वच्छ असेल, तर तो डाग लांबी भरण्यापूर्वीचा. लांबी कधी भरली ते रंगाऱ्याच्या बिलावर असतं. अशा रीतीनं ‘अमुक तारखेच्या आधीचा’ किंवा ‘अमुक तारखेनंतरचा’ एवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं आणि भांडण मिटवायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. ओल दिसत असताना त्यावर लांबी भरून, वर पीओपीचं छत चढवून घर विकणाऱ्याला मी हुशार म्हणत नाही. ती फसवणूक आहे.

आता यंत्रांविषयी. दोन पिनांचा मॉइश्चर मीटर आजची ओल दाखवतो, आणि भिंतीत क्षार असतील तर आकडा उगाच फुगवतो. थर्मल कॅमेरा पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो. दोन्ही कामाची यंत्रं आहेत, पण दोन्हींना वय कळत नाही. रंगीत चित्रं छापून खाली ‘अंदाजे चार वर्षे जुनी ओल’ असं लिहिणारा अहवाल फी घेऊन केलेला अंदाज आहे.

खरं तर वयापेक्षा पाणी येतं कुठून हे आधी विचारायला हवं. डाग मे महिन्यातही वाढत असेल तर पाणी बहुधा पाइपाचं, जूननंतरच जागा होत असेल तर गच्चीचं किंवा बाहेरच्या भिंतीचं. बाथरूमचा संशय असेल तर ट्रॅप बंद करून रंगीत पाणी दोन दिवस साठवून ठेवा, खाली तोच रंग उतरतो का बघा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या आणि सामायिक पाइपांच्या गळतीचा खर्च सोसायटीचा, घरातल्या संडास-सिंकच्या गळतीचा त्या सभासदाचा. हे स्पष्ट असूनही कमिट्या ‘आधीपासूनच होतं’ यावर सभा घालवतात, कारण उगम सापडला की खिशात हात घालावा लागतो.

आणि बिल्डरपुढे हात जोडणाऱ्यांनो, एवढं वाचा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत लक्षात आणून दिलेला बांधकामाचा दोष बिल्डरनं ३० दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. त्याआधीच्या महाराष्ट्रातल्या मोफा कायद्यात ही मुदत ३ वर्षांची होती. इथं महत्त्व डागाच्या दिसण्याला नाही, तुम्ही तो कधी कळवलात याला आहे. पहिला डाग दिसेल त्याच दिवशी फोटो काढा, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.