अँख-मॉरपॉर्कचा नगरसेवक कोण?

एक शहर. मधोमध नदी. नदी म्हणायचं, कारण नकाशात तसं लिहिलंय. एरवी ती इतकी घट्ट झालीये, की बूट वाया घालवायची तयारी असेल तर सरळ चालत पलीकडे जाता येतं. वस्ती दहा लाखांच्या घरात आणि रोज वेशीतून नवे लोक आत येतायत. कोपऱ्यावर पावात सॉसेज घालून विकणारा एक जण. आत नक्की काय आहे, ते कुणी विचारत नाही आणि एकदा खाल्लेला माणूस पुन्हा का खातो, हेही कुणाला कळलेलं नाही. जुन्या रहिवाशांच्या मते शहर पार बिघडलंय. नव्यांच्या मते जे काही करायचं ते इथेच.

नाही हो, पुणे नाही. ठाणे, कल्याणही नाही. हे अँख-मॉरपॉर्क. जगात कुठेही नाही, पण मला तिथले रस्ते कोथरूडपेक्षा जास्त पाठ आहेत.

टेरी प्रॅचेट हा इंग्लंडचा लेखक. त्याची 'डिस्कवर्ल्ड' ही मालिका १९८३मध्ये सुरू झाली आणि २०१५मध्ये तो गेला. मालिकेत एकूण ४१ कादंबऱ्या झाल्या. जग कसं, तर एक अवाढव्य कासव, त्याच्या पाठीवर चार हत्ती आणि हत्तींच्या पाठीवर थाळीसारखी सपाट पृथ्वी. आपल्याला कूर्म आणि दिग्गज लहानपणापासून ठाऊक, त्यामुळे यात दचकण्यासारखं काही नाही. दचकायला होतं ते पुढे. जादूगार, ड्रॅगन, बुटके, ट्रोल असा सगळा फॅंटसीचा मसाला हाताशी असताना हा माणूस पानंच्या पानं लिहितो कशावर? पोस्ट ऑफिसवर. टांकसाळीवर. पोलीस चौकीतल्या किटलीवर!

प्रॅचेटचा फंडा साधा होता. काल्पनिक शहर उभं करायचं असेल, तर आधी एवढं ठरवा, की चांगलं पाणी आत कसं येतं आणि घाण बाहेर कशी जाते. राजवाडे, तलवारी मग बघू. हे सुचायला तसाच बायोडेटा लागतो. सतराव्या वर्षी, १९६५मध्ये तो 'बक्स फ्री प्रेस' या स्थानिक वर्तमानपत्रात लागला. पुढे सरकारी वीज मंडळात प्रेस ऑफिसर होता, तेही अणुवीज केंद्रांच्या खात्यात. म्हणजे सगळं ठीक चाललंय, हे लोकांना पटवून देण्याची नोकरी. अशा माणसाच्या शहरात गटाराला पात्र म्हणून जागा मिळणारच.

तर घाण बाहेर कशी जाते? हॅरी किंग नावाचा एक गृहस्थ नेतो. शहराचा मैला, कचरा, काय काय ते सगळं तो पैसे घेऊन उचलतो आणि ज्यांना त्यातलं काही उपयोगी पडतं त्यांना पैसे घेऊनच विकतो. दोन्हीकडून कमाई. शहरातल्या गडगंज लोकांपैकी एक, पण उच्चभ्रूंच्या पार्टीत त्याच्या शेजारी बसायला कुणी तयार नाही.

चोरांचं काय? त्यांची अधिकृत गिल्ड आहे. वर्षाला किती चोऱ्या करायच्या याचा कोटा ठरलेला. चोरी झाली की रीतसर पावती मिळते, आणि आधीच वार्षिक हप्ता भरलात तर वर्षभर कुणी हात लावत नाही. विनापरवाना चोरी करणाऱ्याला पोलीस पकडत नाहीत, गिल्डच पकडते, आणि त्यानंतर तो पोलिसांच्या उपयोगाचा राहत नाही. गुन्हे होणारच असतील तर ते निदान शिस्तीत होऊ देत, असा हिशेब. मारेकऱ्यांचीही गिल्ड आहे. बड्या घरची पोरं तिच्या शाळेत शिकतात, कारण शहरातलं सर्वांत चांगलं शिक्षण तिथेच मिळतं.

हे सगळं ज्याच्या हाताखाली चालतं तो लॉर्ड व्हेटिनारी. पदनाम 'पॅट्रिशियन', थोडक्यात हुकूमशहा. तिथे 'एक व्यक्ती, एक मत' हे तत्त्व आहेच. फक्त ती व्यक्ती व्हेटिनारी आणि ते मतही त्याचंच. सडपातळ, काळे कपडे, रात्ररात्र फायली वाचतो. मौजमजा नाही, खाबूगिरी नाही, वशिला नाही. आवाज न चढवता बोलतो आणि समोरच्याला घाम फुटतो. गिल्डवाल्यांना तो आवडत नाही, पण तो नसेल तर काय होईल याची भीती जास्त, म्हणून टिकून आहे. एकदा त्याला त्याच्याच तळघरातल्या कोठडीत टाकतात. तेव्हा कळतं, की ती कोठडी त्याने बांधवून घेतली तेव्हाच कड्या आतल्या बाजूने लावून घेतल्या होत्या. सॉलिड ना?

प्रॅचेट वाचणाऱ्या माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाला व्हेटिनारी आवडतो. विशेषतः ऑफिसातल्या मंडळींना. तीन तास चालून काहीच न ठरलेली मीटिंग संपवून बाहेर आलेल्या माणसाला असा बॉस म्हणजे स्वप्न. एक आयटीतला मित्र तर दर पावसाळ्यात पहिला खड्डा लागला की म्हणतो, "आपल्याकडे एक व्हेटिनारी पाहिजे यार. निवडणूक-बिवडणूक सोड, एक कडक माणूस बसव खुर्चीत."

मला नेमकं इथेच अडतं. कारण त्या शहरातल्या मूकाभिनय करणाऱ्यांना हे विचारून बघा. व्हेटिनारीला मूकाभिनय आवडत नाही. कारण काही नाही, आवडत नाही, बस. त्यामुळे शहरात त्यावर बंदी, आणि कुणी सापडलाच तर त्याला विंचवांच्या खड्ड्यात उलटा टांगतात. वाचताना हसू येतं. मलाही आलं. पण हसू येतं ते आपण मूकाभिनय करत नाही म्हणून. उद्या त्याला फ्रीलान्स पत्रकार आवडेनासे झाले तर? किंवा दुचाकीवाले? किंवा भाड्याने राहणारी एकटी पोरं-पोरी? अपील कुणाकडे करायचं? त्याच्याकडेच.

आणि त्याच्याआधी कोण होतं? हे प्रॅचेट एका पुस्तकात सगळं सांगून टाकतो. 'नाइट वॉच' (२००२). पोलीसप्रमुख सॅम व्हाइम्स एका खुन्याच्या मागे धावताना तीस वर्षं मागे जाऊन पडतो. तेव्हाचा पॅट्रिशियन लॉर्ड विंडर, संशयी आणि खुनशी. रात्री लोक गायब होतात, केबल स्ट्रीटवर गुप्त पोलिसांची कचेरी, आत गेलेला बाहेर येत नाही. मग लोक उठतात, रस्त्यात टेबलं, खुर्च्या, गाड्या रचून अडथळे उभे करतात. काय पाहिजे? सत्य, न्याय, स्वातंत्र्य वगैरे. त्यात एक जण म्हणतो, की बाकीचं मिळेल न मिळेल, पण निदान एक उकडलेलं अंडं तरी नक्की मिळावं. विंडर जातो. त्याच्या जागी सगळ्यांच्या आशेचा माणूस येतो, लॉर्ड स्नॅपकेस. आणि तो पहिल्याच रात्री काय करतो? ज्या सार्जंटने लोकांना वाचवलं, त्यालाच मारायला माणसं पाठवतो. का, तर लोक त्याचं ऐकतात म्हणून.

म्हणजे विंडर, स्नॅपकेस, मग व्हेटिनारी. तिघेही एकाच खुर्चीत, तिघांच्या हातात तेवढीच सत्ता. तिसरा हुशार निघाला, ही लॉटरी. चौथा कोण, हे ठरवायची कुठलीही सोय शहराकडे नाही. माझं प्रामाणिक मत विचाराल तर अख्ख्या डिस्कवर्ल्डमधला सर्वांत अशक्य प्राणी ड्रॅगन नव्हे, व्हेटिनारी. अमर्याद सत्ता हातात असून स्वतःसाठी काहीही नको असलेला माणूस! त्यापेक्षा कासवावर विश्वास ठेवणं सोपं.

ड्रॅगनचा विषय निघालाच आहे तर 'गार्ड्‌स! गार्ड्‌स!' (१९८९)बद्दल सांगते. काही असंतुष्ट लोक गुप्तपणे मंत्र म्हणून ड्रॅगन बोलावतात. बेत असा, की आपला एक देखणा पोऱ्या त्याला मारल्याचं नाटक करील आणि राजा होईल. ड्रॅगनचा बेत वेगळा असतो. तोच राजा होतो. आणि मग प्रॅचेट जे लिहितो ते कुठल्याही भयकथेपेक्षा भयंकर आहे. शहरातले प्रतिष्ठित लोक टेबलाभोवती बसतात, ड्रॅगनला दर महिन्याला एक कुमारिका हवी असते, आणि कुणीच काही बोलत नाही. एकेक जण शेजाऱ्याकडे बघतो, शेजारी गप्प, म्हणून हाही गप्प. ड्रॅगनने त्यांना जाळावंच लागत नाही. किती लवकर सवय होते बघा.

त्याला तोंड द्यायला उरतात रात्रपाळीचे चार पोलीस. दारूत बुडालेला कॅप्टन व्हाइम्स, सार्जंट कोलन, कॉर्पोरल नॉब्स आणि नियमांचं पुस्तक तोंडपाठ असलेला, बुटक्यांनी वाढवलेला सहा फुटी कॅरट. संकट टळतं. व्हेटिनारी पुन्हा खुर्चीत. खूश होऊन तो विचारतो, काय बक्षीस हवं? ही मंडळी एकमेकांकडे बघतात, अवघडतात आणि मागतात थोडी पगारवाढ, चहाची नवी किटली आणि जमलं तर भिंतीवर लावायला एक डार्टबोर्ड. व्हेटिनारीला हसू आवरत नाही. मला मात्र त्या किटलीपाशी दर वेळी घशात काहीतरी येतं. शहर वाचवणाऱ्यांच्या अपेक्षा इतक्या कमी असतात, आणि त्यावरच शहर चालतं.

व्हाइम्सच्या बुटांबद्दलही वाचाच, 'मेन ॲट आर्म्‌स'मध्ये (१९९३). पगार महिना ३८ डॉलर. चांगले बूट ५० डॉलरला, वर्षानुवर्षं टिकतात. परवडणारे १० डॉलरला, एक-दोन मोसमात तळ झिजतो. म्हणजे दहा वर्षांत गरीब माणूस बुटांवर १०० डॉलर घालवतो आणि पाय ओलेच. सेलमध्ये घेतलेल्या आपल्या प्रत्येक वस्तूकडे एकदा या नजरेने बघा. गंमत पुढे आहे. व्हाइम्स नंतर शहरातल्या सर्वांत श्रीमंत बाईशी लग्न करतो, तरी पातळ तळांचेच बूट घालतो. कारण तळव्यांना दगड लागला की अंधारातही त्याला कळतं, आपण कुठल्या रस्त्यावर आहोत. कारच्या काचेतून शहर ओळखणाऱ्यांसाठी नम्र निवेदन.

सेवा खासगी हातात गेल्यावर काय होतं, तेही त्याने लिहून ठेवलंय. 'गोइंग पोस्टल' (२००४). डोंगराडोंगरांवर मनोरे, एकावरून दुसऱ्यावर दिव्यांच्या खुणांनी संदेश. ही यंत्रणा म्हणजे 'क्लॅक्स'. ज्यांनी ती उभारली त्यांच्याकडून पैशाचे खेळ करणाऱ्यांनी ती गिळली. दुरुस्तीला वेळ द्यायचा नाही, माणसं कमी, दर जास्त. मनोऱ्यांवरून पडून पोरं मरतात. त्यांचे सहकारी त्यांची नावं तारेवर फिरती ठेवतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. प्रॅचेट गेल्यावर जगभरच्या प्रोग्रॅमर चाहत्यांनी आपापल्या सर्व्हरच्या अदृश्य ओळींमध्ये त्याचं नाव असंच फिरतं ठेवलं. हिंजवडीकरांनो, तुमच्यापैकी कुणी ठेवलं असेल तर मला कळवा, चहा माझ्याकडून.

आता मित्राच्या त्या कडक माणसाकडे येते. मुंबई आणि पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ला. मध्ये जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते. आयुक्त हेच प्रशासक. प्रस्ताव मांडणार तेच, मंजूर करणार तेच. हे अधिकारी चांगले की वाईट, हा मुद्दाच नाही. मुद्दा हा, की इतका मोठा प्रयोग चालू असताना आपल्यापैकी कितीजणांच्या ते लक्षात आलं? मी आजूबाजूला विचारलं. "हो का? नव्हते?" हे उत्तर सर्वाधिक वेळा मिळालं. व्हेटिनारी मागणाऱ्या मित्राला तर आपण चार वर्षं त्याच्या जवळपासच राहत होतो, याचा पत्ताच नव्हता. खड्डे होतेच, हे त्यालाही मान्य. पण नगरसेवक असताना खड्ड्यासाठी शिव्या घालायला एक नाव, एक घर, एक चेहरा असतो आणि तो चेहरा पुढच्या निवडणुकीत दारात येतो, हे त्याला किरकोळ वाटतं. मला नाही वाटत. पुण्यात तर एका प्रभागात साधारण चार-चार नगरसेवक. चौघांची नावं आठवतात का बघा. मला दोन आठवली, बाकीची शोधून भिंतीवर लावलीयेत, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी.

बाय द वे, इंग्लंडमधल्या विंकॅंटन या छोट्या गावाने २००२मध्ये अँख-मॉरपॉर्कशी अधिकृत 'जुळं शहर' म्हणून नातं जोडलं आणि पुढे नव्या वसाहतीतल्या रस्त्यांना त्या शहरातल्या रस्त्यांची नावंही दिली. दर २५ मेला चाहते कपड्यांवर लायलॅकची फुलं लावतात, ती 'नाइट वॉच'मध्ये अडथळ्यांमागे मेलेल्यांसाठी.

वाचायचंच असेल तर पहिल्या पुस्तकापासून सुरू करू नका, तिथे शहर अजून कच्चं आहे. 'गार्ड्‌स! गार्ड्‌स!' घ्या, मग 'मेन ॲट आर्म्‌स', मग कुठलंही. 'नाइट वॉच' मात्र घाईने उघडू नका. आधीची पाच-सहा पुस्तकं होऊ देत, त्या चौकीतली माणसं तुमची होऊ देत. नाहीतर उकडलेल्या अंड्याचं तुम्हाला काहीच वाटणार नाही.