जनरेटरवर मोटार चार्ज करावी का?

(माझे मत)

दिवाळीच्या सुट्टीत माझे पुण्याचे काका विजेवर चालणारी मोटार घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला न्यायचे होते. आमचे गाव मोहोळ तालुक्यात. सोलापूर ३५ कि.मी. मोटारीची बॅटरी रिकामी झाली होती. काका म्हणाले, "रात्री घरी चार्ज करू." आणि संध्याकाळीच डीपी जळाला! सगळा गाव अंधारात.

शेजाऱ्यांकडे पेट्रोलचा छोटा जनरेटर आहे. तो लावला तर घुर्र करून बंदच पडला. मोटारीच्या चार्जरला सव्वातीन किलोवॅट लागतात आणि तो होता दोन किलोवॅटचा. मग मांडववाल्या आबांचा डिझेलचा मोठा जनरेटर आणला. वरातीत असतो ना, तोच. तरी चार्जरवर लाल दिवा. वायरमनकाका म्हणाले, "अर्थिंग नाही, म्हणून मोटार वीज घेईना." त्यांनी जमिनीत सळई ठोकली, वायर जोडली, वर बादलीभर पाणी ओतलं. मग हिरवा दिवा लागला. मुलांनो, हे काम मोठ्यांचं आहे, आपण हात लावायचा नाही. जनरेटर त्यांनी लांब उघड्यावर ठेवला होता. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. त्याला वास नसतो आणि बंद खोलीत त्याने माणूस मरतो.

पारावरची माणसं हसायला लागली. एक आजोबा म्हणाले, "इजेची गाडी अन् डिझेल पिती व्हय!" मला राग आला. मी वही घेऊन गणित करायला बसलो.

जनरेटर ३ तास चालला. मोटारीत ९ युनिट वीज भरली. डिझेल लागलं ४ लिटर, मी स्वतः कॅन बघितला. मोटार एका युनिटला साधारण ६ कि.मी. जाते. ९ गुणिले ६ म्हणजे ५४. भागिले ४. उत्तर आलं साडेतेरा. म्हणजे एका लिटरला साडेतेरा कि.मी. आमच्याकडच्या वडापची जीप एका लिटरला १४ जाते! मग हसणारे खोटे नव्हते. हे लिहायला मला आवडत नाही, पण गणित ते गणित.

गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिटची उष्णता असते. आपल्याला मिळाले सव्वादोन. बाकीची धुरातून आणि इंजिन तापण्यात गेली. फताटेवाडीला १३२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, तिथेही कोळसाच जळतो. पण तिथे शंभरातली चाळीसच्या आसपास उष्णता विजेत येते. म्हणून घरच्या लाईटवर चार्ज करणं बरं, जनरेटरवर रोज करणं वेडेपणा.

पण त्या रात्री केलं ते बरोबरच केलं असं माझं मत आहे. काही जण म्हणतील, वडापने न्यायचं. वडापमध्ये पंधरा-पंधरा माणसं कोंबतात. ऑपरेशन झालेला डोळा घेऊन आजी त्यात कशी बसणार? सोलापूरला पोचल्यावर काकांनी तिथल्या केंद्रावर मोटार पुन्हा चार्ज केली. जनरेटरने फक्त तिथवर पोचवलं, आणि तेवढंच त्याचं काम.

आता पालकांना माझं एक सांगणं आहे. सोलापूरला ऊन किती असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तसे पॅनेल आपल्या शाळेच्या छपरावर का नसावेत? ३ किलोवॅटचे पॅनेल दिवसाला साधारण १२ युनिट देतात. म्हणजे मोटार ७२ कि.मी. जाईल, सोलापूरला जाऊन परत. सोबत बॅटरी असेल तर डीपी जळाला तरी रात्री थोडी वीज उरेल. ग्रामसभेत कुणीतरी हे बोला. मला तिथे बोलू देत नाहीत.

आजीचा डोळा आता बरा आहे. मांडववाल्या आबांनी डिझेलचे पैसे घेतले, भाडं घेतलं नाही. आजी म्हणते, "लई आवाज करत हुतं ते, झोप न्हाई लागली."

— इयत्ता ४ थी